धाकट्यांसाठी एक गोष्ट

मुलांनो, गोष्ट ऐकणे तुम्हां सर्वांना प्रिय आहे, हे मी जाणतो. परंतु गोष्ट सांगण्याचा प्रसंग तुमच्यावर कितीदा आला आहे? आणि तीही ऐकीव नव्हे, पुस्तकातली नव्हे, तर स्वतःची. स्वतःच्या अंगावरून गेलेली? मी पस्तीस वर्षे मुलांना शिकविले. त्या अवधीत असंख्य गोष्टी सांगितल्या. तथापि गोष्ट सांगणे म्हणजे काय, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्याच विद्यार्थ्यांनी शिकविले. ती हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगांत आहे. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी आटोपली की गावातील अर्धीअधिक घरे कुलूपबंद होतात, कारण माणसे ऊसतोडणीसाठी दूरच्या साखर कारखान्यांच्या मुलखात निघून जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे तेथे एक 'कोयता'. हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम या जोडीला काही रक्कम आगाऊ देतो; तिला 'उचल' म्हणतात. ती उचल उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडून फेडावयाची असते. मुलांपैकी काही आजी-आजोबांजवळ गावी राहतात, तर काही आईबापांबरोबर फडावर जातात आणि पाचटाच्या कोपीत थंडी काढतात.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष कागदोपत्री सुरू झाले; परंतु घंटा वाजली नाही. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका दाखविण्यात येऊ लागली. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता आणि वीज होती, त्यांना तिचा उपयोग झाला. पुढे २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले. पहिली ते चौथीचे वर्ग मात्र बंदच राहिले. पहिलीत नाव दाखल झालेल्या आमच्या मुलांनी शाळेचा उंबरठाही ओलांडला नव्हता. थोरली भावंडे दप्तर घेऊन निघाली की ही चिमुरडी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत येत आणि गजांना धरून उभी राहत. त्यांना परत पाठविण्याचे काम माझे होते. ते मला फार जड जाई.

पहिलीच्या वर्गाच्या बाई एके दिवशी म्हणाल्या, "सर, लेकरांना आत घेता येत नाही, हे खरे, पण थोरल्यांचा आवाज बाहेर नेता येईल की! त्यांनी गोष्टी सांगाव्यात. मी त्यांच्या चित्रफिती माझ्या मोबाइलमध्ये घेऊन वाडीवर जाईन."

चित्रफीत म्हणजे ज्याला तुम्ही व्हिडिओ म्हणता ती. ती घरोघरी पाठविणे शक्य नव्हते, कारण घरातील चांगला मोबाइल आईबापांबरोबर फडावर गेलेला आणि आजीजवळ असे तो केवळ बोलण्यापुरता. म्हणून ही चित्रफीत बाईंच्या पिशवीतून पायी जाणार होती. देवळासमोरच्या लिंबाच्या पारावर चार-पाच मुलांना अंतरा-अंतराने बसवून बाई ती दाखविणार होत्या.

थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावे, ही कल्पना नवी नव्हे. पूर्वी पंतोजींच्या शाळेत वरची मुलेच खालच्या मुलांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील अनाथ मुलांच्या एका शाळेवर अँड्र्यू बेल नावाचे गृहस्थ होते. त्यांनी एका देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे काढताना पाहिली आणि आपल्या शाळेतही तेच सुरू करून थोरल्या मुलांकडे धाकट्यांना सोपविले. १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये यावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढे इंग्लंडातील शाळांत ती रीत 'मद्रास पद्धती' या नावाने पसरली. असो. बेलसाहेबांची मुले अक्षरे शिकवीत होती. आमच्या मुलांना गोष्ट सांगावयाची होती, आणि तिची वाट अधिक अवघड निघाली.

पहिल्या आठवड्यात सहावी-सातवीच्या आठ मुलांनी गोष्टी सांगितल्या. एकाने राजाची सांगितली, दुसऱ्याने वाघाची, तिसऱ्याने चतुर कोल्ह्याची. सर्वांनी त्या पाठ केल्या होत्या. ताठ उभे राहून, छताकडे पाहत त्यांनी त्या धडाधड म्हणून टाकल्या. मी खूश झालो; एकही शब्द कोणी चुकला नव्हता! दुसऱ्या दिवशी बाईंना मी मोठ्या उत्सुकतेने विचारले. त्या म्हणाल्या, "सर, खरे सांगू? पहिले मिनिटभर लेकरांनी मोबाइलकडे पाहिले. मग एक शेळी आली. तेव्हापासून सगळी शेळीकडेच पाहत होती."

हसू नका. शेळी जिवंत होती आणि आमची गोष्ट जिवंत नव्हती, एवढाच याचा अर्थ.

असे का व्हावे? आजी गोष्ट सांगते तेव्हा आपण तिला 'हूं' म्हणून हुंकार देतो. हुंकार थांबला की ती ओळखते, मूल पेंगले. मुलाचे डोळे मोठे झाले की ती आवाज आणखी खाली आणते. 'मग?' असा प्रश्न आला की तिला पुढचे वाक्य सुचते. म्हणजे गोष्ट एकटी आजी सांगत नाही. ऐकणारे मूलही अर्धी गोष्ट सांगत असते. मोबाइलच्या भिंगाला मात्र डोळे नाहीत आणि तोंडही नाही. ते हुंकार देत नाही. भिंगापुढे बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याचा चेहरा आधीच मनात आणून ठेवला पाहिजे, नाही तर तो भिंतीशी बोलू लागतो.

हे ध्यानात आल्यावर आम्ही काही फेरफार केले. सांगणाऱ्याने उभे न राहता जमिनीवर मांडी घालून बसावयाचे. मोबाइल आडवा, चार पुस्तकांच्या चळतीवर ठेवावयाचा, म्हणजे भिंग बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. खिडकी सांगणाऱ्याच्या समोर हवी. ती पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. शेजारची पिठाची गिरणी दुपारी सुरू होई, म्हणून गोष्ट सकाळीच सांगावयाची. नाका-तोंडावरची पट्टी तेवढ्यापुरती काढावयाची आणि बाकीच्यांनी दूर बसावयाचे. मुख्य म्हणजे, प्रारंभी एका धाकट्या मुलाचे नाव घ्यावयाचे आणि त्यालाच गोष्ट सांगावयाची. एकाला सांगितलेली गोष्ट सर्वांना कळते. सर्वांना सांगितलेली कित्येकदा कोणालाच कळत नाही.

आणि गोष्ट स्वतःची असावी, असे मी सुचविले. यावर वर्गात शांतता पसरली. एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्यात कसली आली गोष्ट? आमचं आपलं रोजचंच."

मी कपाटातून 'श्यामची आई' हे पुस्तक काढले. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यात श्याम आपल्या सोबत्यांना बेचाळीस रात्री गोष्टी सांगतो. राजा नाही, राक्षस नाही. पोहायला भिऊन लपून बसलेला एक मुलगा आणि त्याची गरीब आई! कोकणातल्या एका घरातले ते 'रोजचेच' होते. पण सांगणाऱ्याने स्वतःची चूक झाकली नाही, म्हणून ते घर सर्व महाराष्ट्राचे झाले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. "तेव्हा तुमच्या रोजच्यातले पाहा," मी म्हणालो. "ज्या दिवशी पोटात धस्स झाले होते, असा एखादा दिवस आठवा."

मग गोष्टी येऊ लागल्या. विहिरीत पडलेल्या कळशीची आली, हरवलेल्या करडाची आली. चौथीपर्यंत वाचता येत नव्हते आणि ते कसे लपविले, हे एकाने सांगितले. ती गोष्ट पारावर तीनदा दाखवावी लागली. बाई येताना मुलांचे प्रश्नही मोबाइलमध्ये भरून आणू लागल्या. हुंकार मिळे, पण दुसऱ्या दिवशी! आमची मुले मधल्या सुट्टीत त्या चिमण्या आवाजांतले 'मग?' ऐकत आणि दुसऱ्या खेपेस गोष्ट अधिक नीट सांगत.

आता त्या मुलीविषयी सांगतो, जिच्यासाठी हा पाठ लिहावयास घेतला.

ती सातवीत होती. आईबाप फडावर गेलेले. ती आणि तिचा पहिलीतला भाऊ आजीजवळ राहत. वर्गात ती फारशी बोलत नसे. एके सकाळी ती आपण होऊन पुस्तकांच्या चळतीसमोर येऊन बसली आणि तिने भावाचेच नाव घेऊन प्रारंभ केला. तिची गोष्ट मी शक्य तितकी तिच्याच शब्दांत देतो.

"मी आठ वर्षांची होते. तू नुकता चालायला लागला होतास. आपण फडावर होतो. आई म्हणाली, बाळाकडे बघ. आई आणि अप्पा ऊस तोडीत लांब गेले. मी तुला वाढ्यांवर बसवलं आणि उसाच्या कांड्यांची बैलगाडी करू लागले. गाडीला चाकं लावली. मग वर पाहिलं, तर तू नव्हतास. चहूकडं ऊस. मी उसात शिरले. पानं तोंडाला कापत होती. मी हाक मारली नाही. मला वाटलं, हाक मारली तर आईला कळंल. मी पुष्कळ वेळ हाक मारली नाही. मग फडाच्या पलीकडून कोयत्यांचा आवाज जवळ येऊ लागला. तेव्हा मी ओरडले. सगळ्या टोळीनं कोयते खाली ठेवले. मुकादम आला. गाड्या भरायला उशीर होतो म्हणून त्यानं अप्पांना सगळ्यांसमोर शिवी दिली. अप्पा काही बोलले नाहीत. तू सापडलास गाडीजवळ. बैलापुढं वाढे टाकले होते, त्यांवर झोपला होतास. बैलानं तुझ्या भोवतालचे सगळे वाढे खाल्ले होते. तुझ्या अंगाखालचे तेवढे ठेवले होते. आईनं मला मारलं. आणि रात्री ती जेवली नाही."

एवढीच गोष्ट. चार मिनिटेही भरली नाहीत. तिने शेवटी 'तात्पर्य' सांगितले नाही. आणि मीही, जो आयुष्यभर तात्पर्ये सांगत आलो, तो त्या दिवशी गप्प बसलो.

पारावर काय घडले, ते बाईंनी सांगितले. शेळ्या आल्या आणि गेल्या. कोणी मान वळविली नाही. गोष्ट संपल्यावर तिच्या भावाने बराच वेळ मोबाइलच्या काळ्या काचेकडे पाहिले आणि विचारले, "तो मीच का?" नंतर प्रश्नांची झुंबड उडाली. बैलाने अंगाखालचे वाढे का खाल्ले नाहीत? बैलाला कळते काय? एका मुलीने विचारले, "ताईला आता कोणी मारत नाही ना?" त्या दिवशी ती मुले आपापल्या फडावरच्या आठवणी बाईंना सांगू लागली. ज्या मुलाने तोवर एक अक्षरही उच्चारले नव्हते, त्यानेसुद्धा सांगितले की, आपली चप्पल उसात राहिली आहे.

येथवर सारे गोड झाले. पुढची चूक माझी आहे, आणि ती झाकून ठेवली तर वर श्यामविषयी लिहिलेले शब्द पोकळ ठरतील.

मला त्या चित्रफितीचा अभिमान वाटला. आमच्या शाळेतील मुलगी असे बोलते, हे इतरांना कळावे, अशी हाव सुटली. त्याच रात्री मी ती व्हॉट्सॲपवर शिक्षकांच्या एका गटात पाठविली. पाठवावयास एक क्षण लागला. मुलीला विचारले नाही. तसे विचारावे, हे मनातही आले नाही. कोणी तरी ती पुढे धाडली, त्याने आणखी पुढे, आणि तिसऱ्या दिवशी ती दोनशे मैलांवरच्या फडावर, तिच्या वडिलांच्या टोळीतल्या मोबाइलवर जाऊन पोहोचली. मुकादमानेही ती पाहिली. तोच मुकादम, तीच टोळी.

संध्याकाळी वडिलांचा दूरध्वनी आला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. हलक्या आवाजात म्हणाले, "सर, उचल अजून फिटली न्हाई. पोरीला आवरा."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला बोलावून सारे सांगितले. ती खाली पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, ती गोष्ट मी बारक्या लेकरांना सांगितली होती. समद्यांना न्हाई."

पस्तीस वर्षांत मला कोणी इतक्या थोड्या शब्दांत चूक दाखवून दिली नव्हती. तोंडाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याजवळच राहते. ऐकणाऱ्याच्या मनात तिची सावली तेवढी पडते. चित्रफीत मात्र एकदा हातून सुटली की सांगणाऱ्याला न विचारता गावोगाव हिंडते, आणि बारक्या लेकरांसाठी उच्चारलेले शब्द मुकादमाच्या कानी पडतात. शब्द तेच असतात, पण ऐकणारा बदलला की गोष्टही बदलते. शिवाय गोष्ट त्या मुलीची असली, तरी तिच्यातले अप्पा काही तिच्या एकटीचे नव्हते. त्यांचा अपमान जगापुढे मांडण्याचा अधिकार तिला तरी होता काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला तो नव्हता, हे मात्र निश्चित.

मी तिची क्षमा मागितली. तिच्या वडिलांची मागितली. ज्यांना ज्यांना पाठविले होते, त्यांना ती चित्रफीत पुसून टाकण्याची विनंती केली. बहुतेकांनी पुसली. ज्यांची नावेच मला ठाऊक नव्हती, त्यांना मी काय विनविणार? यानंतर शाळेत प्रत्येक गोष्टीआधी सांगणाऱ्यालाच विचारावयाचे ठरले की, ही कोणापर्यंत जावी. आणि गोष्टीत घरची माणसे असतील तर त्यांनाही विचारावे. एका मुलाने सांगितले, "ही फक्त पारापर्यंत." ती पारापर्यंतच गेली आणि संध्याकाळी बाईंनी ती त्याच्या देखत पुसली.

तिने मात्र पुढे गोष्ट सांगितली नाही. मीही आग्रह धरला नाही.

मार्च सरता-सरता साथ पुन्हा बळावली आणि वर्ग पुन्हा बंद झाले. मे अखेर मी निवृत्त होणार होतो, म्हणून एप्रिलमध्ये एके दुपारी एकटाच कपाटे आवरीत बसलो होतो. हंगाम संपून माणसे गावी परतली होती. दाराशी कोणी उभे असल्याचे जाणवले. पाहिले, तर त्या मुलीची आई. पदर डोक्यावरून घेतलेला, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "सर, पोरीचं ते चित्र मला दाखवा. तिकडं समद्यांनी पाह्यलं. मी न्हाई पाह्यलं."

माझ्याजवळ मूळ चित्रफीत होती. ती मुलीच्या संमतीने ठेवली होती. मी मोबाइल खिडकीत ठेवला आणि दूर झालो. ती उभ्याने पाहत राहिली. 'आईनं मला मारलं' हे शब्द आले, तेव्हाही ती हलली नाही. संपल्यावर तिने पदराने काच पुसली. मी काही बोलावे, म्हणून शब्द शोधीत होतो.

तीच म्हणाली, "बैलाचं नाव सर्जा व्हतं. ते तिनं सांगितलंच न्हाई."

आठ दिवसांनी बाईंच्या मोबाइलवर एक नवी चित्रफीत आली. ती आजीच्या घराच्या ओट्यावर काढलेली होती आणि मुलीशेजारी तिची आई बसलेली होती. या खेपेस मुलगी गोष्ट सांगत होती आणि आई मधूनमधून तिला दुरुस्त करीत होती. गाडी कोणती, वेळ कोणती, सर्जाच्या शिंगाला कोणता रंग होता. मुकादमाचा उल्लेख तीत नव्हता. आईने हात कोठे उगारला, तेथे दोघीही क्षणभर थांबल्या, आणि मग आईनेच ते वाक्य सांगितले. शेवटी मुलगी म्हणाली, "ही समद्यांना दाखवा." अप्पा चित्रात दिसत नव्हते, पण मोबाइल धरणारा हात त्यांचाच होता, असे बाईंनी मला सांगितले.

१ डिसेंबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. पहिलीत नाव घातलेली ती मुले आता दुसरीत बसणार होती आणि शाळेत प्रथमच पाऊल टाकीत होती. मी तोवर निवृत्त झालो होतो. तरी त्या सकाळी राहवेना, म्हणून फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. ती मुलगी आठवीसाठी शेजारच्या गावी जाऊ लागली होती, हे मुलांना ठाऊक नव्हते. ती सातवीच्या वर्गाकडे धावत गेली, दारातून एकेक चेहरा न्याहाळू लागली आणि मग बाईंकडे वळून तिच्या भावासकट साऱ्यांनी विचारले, "सर्जाची गोष्ट सांगणारी ताई कुठं बसते?"